आतडं घरी परतायची तारीख

नामाजी पोले यांच्या खिशात नेहमी एक दावं असतं. बकरीच्या केसांचं, त्यांनी स्वतः वळलेलं, चार हात लांब. ज्या बकरीसाठी ते वळलं ती बकरी कधीच गेली. दावं मात्र नोकरीला लागलं. जिल्ह्याच्या ठिकाणी निघालेल्या नव्या मेडिकल कॉलेजात, शरीररचनाशास्त्र विभागात, हे दावं माणसाच्या आतड्याचं काम करतं आणि नामाजी त्याचे मालक म्हणून ओळखले जातात.

कागदावर नामाजी कंत्राटी मदतनीस आहेत. सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे त्यांचं गाव आहे आणि पोलेंच्या घरात मागे मोजता येईल तिथपर्यंत सगळे मेंढ्यांमागे फिरलेले आहेत. नामाजीही चाळिशीपर्यंत फिरले. मग गुडघ्यांनी नाही म्हटलं, मेंढ्या मुलाकडे गेल्या आणि ते हिंगोलीत कामाला लागले. कॉलेज निघालं तेव्हा ह्या विभागात तीन मदतनीस नेमले होते. पहिल्याच दिवशी शवविच्छेदनाच्या हॉलचं दार उघडलं आणि दोघं जे बाहेर पडले ते आपले जेवणाचे डबे न्यायलाही परत आले नाहीत. नामाजी आत गेले, सगळीकडे पाहिलं आणि विभागप्रमुखांना म्हणाले, "सर, मेलेलं माणूस काय करतंय? जे करतंय ते जितं करतंय. झाडू कुठं हाय?"

विभागप्रमुख डॉ. रत्नपाल खिल्लारे हे शांत गृहस्थ. त्यांनी झाडू कुठे आहे ते सांगितलं आणि त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

नामाजींना पोटाच्या आतली माहिती नवी नव्हती. खंडोबाच्या जत्रेला शंभर मेंढरं त्यांनी उघडून पाहिली होती. फक्त माणसाबद्दल त्यांची घोर निराशा झाली. मेंढीला जठराचे चार कप्पे आणि माणसाला एकच पिशवी, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांनी टेबलावरच्या सांगाड्याकडे फार कीव येऊन पाहिलं. "येकच पोट," ते म्हणाले, "आन तरी लग्नात तीनदा बसतंय."

दाव्याची गोष्ट दुसऱ्या वर्षी घडली. खिल्लारे सर गर्भातल्या आतड्याची वाढ शिकवत होते. हा भाग असा आहे की शिकवणारा हात फिरवतो, शिकणारा मान फिरवतो आणि शेवटी दोघंही चुकीच्या दिशेला तोंड करून बसतात. सुरुवातीला आतडं म्हणजे एक सरळ नळी. मग मधला भाग भराभर लांब होतो. पोट चिमुकलं आणि त्यात यकृत एवढं वाढलेलं की दुसऱ्या कोणाला जागाच नाही. म्हणून सहाव्या आठवड्यात हे आतडं चक्क पोटाबाहेर पडतं आणि नाळेत जाऊन राहतं. तिथे वळतं. दहाव्या आठवड्यात पोटात जागा झाली की परत आत येतं, येता येता आणखी वळतं आणि आपापल्या जागी बसतं. सर फळ्यावर तिसऱ्यांदा चित्र काढत होते. मागच्या रांगेतला आयुष नावाचा एक विद्यार्थी मान वाकडी करून झोपला होता, की समजून घेत होता, हे शेवटपर्यंत स्पष्ट झालं नाही.

नामाजी खिडकीची काच पुसत होते. त्यांना राहवेना. "सर, हे तर दावंच हाय की."

सरांनी खडू खाली ठेवला. नामाजींनी खिशातून दावं काढलं, एक टोक आयुषच्या एका हातात दिलं, दुसरं दुसऱ्या हातात, आणि मधला भाग ओढून त्याचा फासा केला. "हा खुंटा," असं म्हणून त्यांनी फाशामधून स्वतःचं बोट घातलं. "ही मधली रक्ताची नळी. आतडं हिच्याभवतीच फिरतंय. आता बघा. भाईर आलं. भाईर आल्यावर पाव फेरा, घड्याळाच्या उलटा. झालं? आता घरी चाललं. घरी जाता जाता अर्धा फेरा. पाव आन अर्धा किती झाले?"

"पाऊण," शंभर भावी डॉक्टर एका सुरात म्हणाले.

"बराबर. आन आत कोण कसं जातंय? बारीक आतडं म्होरं. ते चपळ असतंय. मोठ्या आतड्याचं जे तोंड हाय ना, ते सगळ्यात मागून. कळपाचं असंच असतंय. सांजच्याला मेंढ्या जाळीच्या वाड्यात घेतल्या की म्हातारी मेंढी शेवटाला येती आन दारातच उभी राहती. मंग तिला हळूच खाली उजवीकडं सारायचं."

त्या वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आयुषला विचारलं, परतताना सगळ्यात शेवटी काय आत येतं? आयुष घाबरून म्हणाला, "म्हातारी मेंढी." परीक्षकांनी चष्मा काढला. खिल्लारे सरांनी त्यांना बाजूला घेऊन खुलासा केला. आयुष पास झाला आणि नामाजींची कीर्ती मुलींच्या वसतिगृहापर्यंत पोचली. परीक्षेच्या आधी आता व्हरांड्यात गर्दी होते. "अंकल, एक बार और घुमाइए ना." अंकल फिरवतात. जठर पाव फेरा उजवीकडे कसं वळतं, स्वादुपिंडाचे दोन तुकडे दोन बाजूंनी येऊन कसे एकमेकांना चिकटतात, हेही सांगतात. इंग्रजी नावं त्यांना सगळी येतात, पण ती ते पाहुण्यांसारखी वागवतात. समोर आली तर मान देतात, एरवी घरात घेत नाहीत.

एकंदरीत ह्या विषयात जिल्ह्यात आपल्यानंतर फक्त खिल्लारे सर, असं नामाजींचं प्रामाणिक मत झालं होतं. क्रम त्यांनी कधी मोठ्यानं सांगितला नाही, एवढा त्यांचा विनय.

घरी त्यांच्या विद्वत्तेला कोणी विचारत नव्हतं. बायको पंचफुलाबाई. त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं आणि ते कॉलेजाहून जुनं होतं. मुलगा दत्तप्रसाद मेंढ्यांबरोबर वर्षातले सहा महिने रानोमाळ. सून साधना, लग्नाला दीड वर्ष झालेलं, बारावी शिकलेली, सासऱ्यासमोर डोक्यावर पदर आणि तोंडात मौन. नामाजी तिच्याशी बोलायचे ते भिंतीशी बोलल्यासारखं. "आज भाकरी जरा लवकर झाली तर बरं होईल," असं ते तुळशीकडे पाहून म्हणत आणि भाकरी लवकर होत असे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पंचफुलाबाई सुनेला घेऊन औंढ्याच्या बाजाराला गेल्या. शेजारच्या रुख्मिणीबाई बरोबर होत्या. बाजारात धरणाची मासळी विकायला बसते. त्या ओळीशी पोचताच साधनानं तोंडाला पदर लावला, बाजूला पळाली आणि ओकली. रुख्मिणीबाईंनी आयुष्यभर गावातल्या प्रत्येक ओकारीचा अर्थ लावलेला. त्यांनी पंचफुलाबाईंकडे पाहिलं.

"पंचफुला, कितवा?"

पंचफुलाबाईंनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "तीन महिने सरले. कालच सरले."

"आन बोलली न्हाईस?"

"तीन सरल्याबिगर बोलू न्हाई, तुला ठाव न्हाई व्हय? नजर लागती. आता सरले, आता सांगितलं."

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं, आणि गावाबरोबर नामाजींनाही कळलं. आपण आजोबा होणार हे त्यांना एसटीच्या थांब्यावर एका माणसानं अभिनंदन केल्यावर समजलं. त्यांनी तिथल्या तिथे बोटं मोजली. तीन महिने म्हणजे शेवटची पाळी पाच ऑक्टोबरची धरायची. म्हणजे तेरा आठवडे. म्हणजे आतडं केव्हाच आत गेलं, पाऊण फेरा पुरा झाला, म्हातारी मेंढीही घरात आली. ते एसटीत बसल्या बसल्या समाधानानं हसले. शेजारच्या प्रवाशानं पिशवी आपल्याकडे ओढून घेतली.

पुढच्या आठवड्यात हिंगोलीला सोनोग्राफी ठरली. नामाजी ड्युटीवर. पंचफुलाबाई आणि साधना रुख्मिणीबाईंच्या भाच्याच्या जीपमधून निघाल्या. गुडघा दाखवायचा म्हणून रुख्मिणीबाईही आल्या. सोनोग्राफीच्या खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "शेवटची पाळी कधीची?" रुख्मिणीबाई पंचफुलाबाईंच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. साधनानं तोंड उघडलं. ती काही बोलायच्या आधी पंचफुलाबाई म्हणाल्या, "पाच ऑक्टोबर."

आत डॉक्टर मॅडम बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "तारीख पक्की आहे का?"

"पक्की म्हंजे?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "गावाला ठाव हाय."

"तारखेच्या मानानं बाळ फार लहान आहे. हृदय छान चाललंय. पण आतड्याचा थोडा भाग पोटाच्या बाहेर आहे, नाळेत. तारीख चुकली असेल तर ह्यात घाबरण्यासारखं काही नाही. तारीख बरोबर असेल तर मग बघावं लागेल. अठरा दिवसांनी पुन्हा या."

 परतीच्या वाटेवर जीपमध्ये रुख्मिणीबाईंनी आपल्या गुडघ्याचं चार वेळा सांगितलं आणि ते कोणी ऐकलं नाही. साधना खिडकीशी बसून पोटावर हात ठेवून होती. आतडं बाहेर म्हणजे नेमकं काय, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगू शकणारा जिल्ह्यातला निदान दोन नंबरचा माणूस तिच्या घरात राहत होता आणि तिच्याशी बोलत नव्हता.

संध्याकाळी नामाजींनी रिपोर्ट वाचला. दुसऱ्या कोणाला ह्या कागदातलं काही कळलं नसतं. नामाजींना सगळं कळलं, आणि तिथेच पंचाईत झाली. मॅडमचे आठवडे पाळीपासून आणि पुस्तकाचे आठवडे गर्भ राहिल्यापासून, हा दोन आठवड्यांचा फरकही त्यांना ठाऊक होता. त्यांनी चौदातून दोन वजा केले. बारा राहिले. दहाव्यात घरी यायला हवं होतं ते बाराव्यात बाहेर होतं. अशा लेकरांची चित्रं सरांच्या कपाटात होती आणि त्या कपाटाची धूळ आठवड्यातून दोनदा नामाजीच पुसत होते.

त्या दिवशी त्यांना भाकरी गेली नाही. दत्तप्रसादाचा फोन आला. मेंढ्या त्या वेळी पूर्णेच्या कालव्याकडे होत्या. "बाबा, काय म्हणले डॉक्टर?" नामाजी म्हणाले, "वाढून राहिलंय," आणि फोन पंचफुलाबाईंकडे दिला.

चार दिवसांनी वर्गात नेमका तोच धडा आला. नवी मुलं, तोच फळा. "नामाजी, दावं," सर म्हणाले. नामाजींनी दावं काढलं. फासा केला, खुंटा घातला, बाहेर आणलं, पाव फेरा दिला. आणि थांबले. फासा त्यांच्या हातात तसाच लोंबत राहिला. पुढच्या बाकावरच्या मुलीला वाटलं, ते विसरले. ती हळूच म्हणाली, "अब अंदर, अंकल." नामाजींनी दावं गुंडाळलं, खिशात घातलं आणि बाहेर निघून गेले.

तासानंतर सरांनी त्यांना खोलीत बोलावलं. नामाजींनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. सरांनी तो शांतपणे वाचला, मग पुन्हा एक ओळ वाचली.

"नामाजी, बाळाची लांबी पाहिलीत का?"

"न्हाई सर. मी आतडंच बघून राहिलो."

"बत्तीस मिलिमीटर. मॅडमच्या हिशेबानं चौदा आठवड्यांचं बाळ ऐंशीच्या आसपास असतं. बत्तीस म्हणजे दहा. दहा आठवड्यांच्या बाळाचं आतडं कुठे असतं?"

नामाजींच्या तोंडून आपोआप उत्तर आलं, "नाळंत."

"मग? तारीख कोणी सांगितली?"

"आमच्या मालकिणीनं."

"त्यांना कशी माहीत? सुनेला विचारा."

नामाजी खुर्चीवरून अर्धे उठले. "मी? सुनंला? सर, काय बोलून राहिले तुमी!"

"शंभर मुलामुलींसमोर तुम्ही जठरापासून गुदद्वारापर्यंत सगळं सांगता."

"ते कालेज हाय, सर. ते घर हाय."

सरांनी रिपोर्ट घडी घालून परत दिला. ते म्हणाले, "तारीख तपासा एवढंच सांगतो. तारीख चुकली असेल तर तुमचा नातू अगदी पुस्तकाप्रमाणे चाललाय. नसेल तर पुढच्या सोनोग्राफीनंतर भेटू."

नामाजी एसटीनं घरी गेले. वाटेत त्यांनी ठरवलं की आज सुनेला विचारायचंच. गावात उतरेपर्यंत ठरलेलं होतं. ओट्यावर चढेपर्यंत ठरलेलं होतं. साधना पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिनं पदर पुढे ओढला आणि नामाजींनी तुळशीकडे पाहून विचारलं, "आज हवेत गारवा हाय, न्हाई?" तुळशीनं उत्तर दिलं नाही.

मग ते भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. जुन्या वर्षाचं कॅलेंडर नव्याच्या मागे तसंच टांगलेलं होतं. नामाजींनी ऑक्टोबरचं पान काढलं. त्यात त्यांच्याच अक्षरात नोंदी होत्या. खतासाठी मेंढ्या कुठल्या शेतात किती दिवस बसवल्या हे ते लिहून ठेवत, म्हणजे पुढच्या वर्षी कोणाची पाळी ह्यावर भांडण नको. तीन ऑक्टोबर, दसऱ्याचा दुसरा दिवस: 'दत्ता, मेंढ्या, वारंगा फाटा.' मग सगळा महिना वारंगा फाट्याच्या आसपासची शेतं. सोयाबीन निघालं होतं, शेतं मोकळी होती, शेतकरी बोलावत होते. दिवाळीलाही दत्ता आला नव्हता. पंचफुलाबाईंनी फराळाचा डबा फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे पोचवला होता. पुढच्या पानावर, पाच नोव्हेंबरच्या चौकोनात लिहिलं होतं: 'दत्ता घरी.'

नामाजींनी बोट तीन ऑक्टोबरवर ठेवलं, मग पाचवर, मग सगळा महिना खाली सरकवत नोव्हेंबरवर आणलं. मग पुन्हा तेच केलं. पंचफुलाबाई सुपात तूर पाखडत होत्या.

"दत्ताची माय."

"हं."

"पाच ऑक्टोबर म्हणलीस तू डॉक्टरणीला."

"व्हय."

"तवा दत्ता वारंग्याला व्हता. तीनलाच गेला. आला ते पाच नोव्हेंबरला. महिनाभर घरीच न्हाई."

सूप थांबलं. पंचफुलाबाईंनी मान वर केली. नवरा काय म्हणतोय हे त्यांना सावकाश कळलं आणि कळल्यावर चेहरा लाल झाला.

"तोंड सांभाळा! माझी सून सोन्यावाणी हाय!"

"मी सुनंला कुठं काय म्हणलो? मी तुला इचारून राहिलो. तारीख कुठून आणली तू?"

पंचफुलाबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "अवो, त्या दिवशी बाजारात पोरगी वकली. रुख्मिणीनं वळखलं. मंग म्या काय करू? तीन महिने सरल्याबिगर कळू द्यायचं न्हाई, माझ्या सासूनं पाळलं, म्या पाळलं. आन हिचे तर दोनच झाले व्हते. म्हणून सरवून टाकले."

"सरवून टाकले?"

"एक महिना जोडला. कुणाचं काय बिघडलं? नजरबी लागली न्हाई आन रीतबी मोडली न्हाई."

"आन डॉक्टरणीला?"

"रुख्मिणी हितं उभी," त्यांनी आपल्या खांद्याला हात लावून दाखवला. "तिच्या म्होरं दुसरी तारीख कशी सांगू? ती म्हणली असती, पंचफुला, बाजारात येक आन हितं येक. आन तुमाला काहून सांगू? तुमाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी कालेजात शंभर पोरांपुढं दावं घेऊन उभे राहिले असते."

आरोप बिनचूक होता हे नामाजींना मान्य होतं. ते खाली बसले. खिशातून दावं काढलं. एक टोक पंचफुलाबाईंच्या एका हातात दिलं, दुसरं दुसऱ्या हातात. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला पहिल्यांदा शिकवायला घेतलं होतं.

"ऐक. ही आतड्याची नळी. लेकराचं पोट बारीक असतंय. त्यात कलेजी एवढी मोठी. आतड्याला जागा न्हाई. म्हणून ते भाईर नाळंत जाऊन राहतंय. सगळ्याचंच. तुझं राहिलं, माझं राहिलं, त्या रुख्मिणीचंबी राहिलं."

त्यांनी फासा बाहेर ओढला. आतला भाकरीचा आवाज थांबला. तवा नुसता तापत राहिला. नामाजींनी ते ऐकलं. त्यांनी आवाज जरा मोठा केला आणि तोंड तुळशीकडे वळवलं.

"मॅडमच्या मोजणीनं आठव्या आठवड्याला भाईर. बाराव्याला आत. चौदाव्याला भाईर असलं तर भ्याचं. पण लेकरू चौदाचं नसून दहाचं असलं, तर ते बराबर जिथं पाहिजे तिथंच हाय. त्याला कुणी उशीर झाला म्हणून सांगू नये. त्याचं त्याला ठाव असतंय." त्यांनी पाव फेरा दिला, मग अर्धा, आणि फासा सावकाश आत घेतला. बारीक आतडं पुढे, मोठं मागून. शेवटचं टोक त्यांनी बोटानं खाली उजवीकडे सारलं. "झालं. आलं घरी."

आत भाकरी पुन्हा थापली जाऊ लागली. आधीपेक्षा जरा जोरात.

पंचफुलाबाईंना दाव्यात विशेष काही दिसलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मंग आता? गावाला काय सांगू? तीन सरायच्या आधीच कळलं म्हणू? आन काय झालं तर माझ्याच तोंडानं झालं म्हणतील." त्यांची भीती खरी होती. नवऱ्याच्या शास्त्रानं ती गेली नाही. नामाजींनाही ती घालवता आली नाही, कारण लेकरू दहाचं असलं तरी आतडं अजून आत गेलेलं नव्हतं. जायला हवं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. वर्गात ते दर वेळी जात असे, कारण दावं त्यांच्याच हातात असे.

राहिलेले दिवस त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवून काढले. वर्गात दावं मागितलं तर म्हणत, "झिजलंय. नवं वळतोय."

तीस जानेवारीला पुन्हा तीच जीप निघाली. नामाजींनी रजा काढली होती. रुख्मिणीबाईही होत्या, कारण गुडघाही अठरा दिवसांनी दाखवायचा होता. त्यांचा डॉक्टर वेगळा होता. अठरा दिवस मात्र त्यांनी हेच धरले होते.

सोनोग्राफीच्या खिडकीवर तीच मुलगी. "शेवटची पाळी कधीची?"

पंचफुलाबाईंनी डावीकडे पाहिलं. रुख्मिणीबाई खांद्याला खांदा लावून उभ्या. उजवीकडे पाहिलं. नामाजी भिंतीवरचा 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' हा फलक एकेक अक्षर लावून वाचत होते, जणू परीक्षेला येणार आहे.  "पाच..." पंचफुलाबाई म्हणाल्या आणि अडकल्या.

"तीन नोव्हेंबर," मागून आवाज आला.

साधना पुढे आली. डोक्यावरचा पदर मागे सरकला होता आणि तिनं तो सावरला नाही. "तीन नोव्हेंबर लिहा, ताई. मागच्या खेपेला चुकीची लिहिली. मला ठाव व्हतं, पण मी बोलले न्हाई." मग नामाजींच्या पाठीकडे पाहून, पण थेट त्यांनाच उद्देशून, ती म्हणाली, "मामंजी, तीन नोव्हेंबर म्हंजे आज किती आठवडे?"

नामाजी फलकाकडेच पाहत राहिले. कान तांबडे झाले. मग ते सावकाश वळले आणि दीड वर्षात पहिल्यांदा सुनेच्या चेहऱ्याकडे पाहून बोलले. "बारा आन चार दिवस, बाई."

"मंग आत गेलं आसल?"

"जायला पाहिजे," नामाजी म्हणाले. त्यांचा हात खिशात दाव्यावर होता.

रुख्मिणीबाईंच्या डोक्यात मोजणी सुरू झाली होती. ती ओठांवर दिसत होती. "आगं पंचफुला, म्हंजे बाजारात तवा तीन झालेच नव्हते?"

"तवा न्हाई झाले," पंचफुलाबाई म्हणाल्या. "आता व्हऊन राहिले. तू गुडघा सांभाळ."

मॅडमनी साधनाला आत घेतलं. पंचफुलाबाई बरोबर गेल्या. नामाजी बाहेरच्या बाकावर बसले. त्यांनी दावं काढलं, फासा केला, बाहेर ओढला, पाव फेरा दिला आणि तसाच धरून बसले. रुख्मिणीबाई शेजारी बसून पाहत होत्या. "भावजी, हे काय?"

"काही न्हाई. वाट बघून राहिलो."

बराच वेळ गेला. दार उघडलं आणि आधी पंचफुलाबाई आल्या. त्यांना डॉक्टरांचे शब्द आठवेनात आणि त्या नुसत्याच हात हलवत होत्या. त्यांच्या मागून साधना आली. ती बाकाशी थांबली. तिनं वाकून नामाजींच्या हातातल्या दाव्याचा फासा दोन बोटांनी धरला, अर्धा फेरा फिरवला, घड्याळाच्या उलटा, बरोबर, आणि आत सारला.

"सगळं आत हाय, मामंजी. मॅडम म्हणल्या बासष्ट मिलिमीटर. तारखेला बराबर."

नामाजींनी दाव्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग, शिकवण्याचा स्वभाव जाईना म्हणून, की आणखी काही बोलता येईना म्हणून, त्यांनी दाव्याचं एक टोक बोटानं दाखवलं. "हे राहिलं. मोठ्या आतड्याचं तोंड."

"ते खाली उजवीकडं," साधना म्हणाली आणि तेही सारलं.